दुकानाच्या पाटीमागचे तास : फातिह आकिनचा ‘सोलिनो’

फातिह आकिनच्या ‘सोलिनो’ (2002) या चित्रपटाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. 1970 साली दक्षिण इटलीतल्या सोलिनो नावाच्या गावातून आमातो कुटुंब पश्चिम जर्मनीतल्या डुइसबुर्गला येतं. नवरा रोमानो, बायको रोझा आणि जानकार्लो व जीजी हे दोन मुलगे. रोमानोला कोळशाच्या खाणीत काम करायचं आहे, पण तिथे तो टिकत नाही. मग रोझाच्या डोक्यातून पिझ्झेरियाची कल्पना निघते. जागा भाड्याने घेतली जाते, पाटीवर गावाचंच नाव लागतं आणि धंदा चालू लागतो. पुढे मुलगे मोठे होतात, एकाच मुलीत गुंततात. रोमानोचं बाहेर प्रकरण असतं. रोझा आजारी पडते आणि जीजीला सोबत घेऊन गावी परतते. इकडे जानकार्लो भावाने बनवलेल्या फिल्मचं बक्षीस स्वतःच्या नावावर लाटतो. उरलेला चित्रपट भावाभावांतल्या या हिशोबाचा आहे.

‘सोलिनो’बद्दल बोलताना लोक सहसा त्याच्या उबदारपणाबद्दल बोलतात, आणि तो आहेच. पण तो आणखी एका जातीच्या गोष्टींत मोडतो. परदेशात मजूर म्हणून गेलेला माणूस दुकानाचा मालक होतो, ही ती गोष्ट. ती जगभर सांगितली जाते आणि जवळपास सगळीकडे एकाच चालीवर. माणूस गरीब होता, कष्टाळू होता, त्याच्याकडे एक कल्पना होती, आणि त्याने स्वतःचं काहीतरी उभं केलं. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही चाल पाठ आहे. आमच्याकडे तिला ‘फाउंडर स्टोरी’ म्हणतात आणि दर दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये ती कोणीतरी स्टेजवर उभं राहून सांगत असतं.

माझं म्हणणं असं की ‘सोलिनो’ ही चाल मोडण्याच्या अगदी जवळ येतो आणि मग दचकून मागे फिरतो. तो कुठे जवळ येतो आणि कुठे फिरतो, हे पाहायचं तर त्या पिझ्झेरियाचा हिशोब मांडावा लागेल. दुकान उघडायची परवानगी कोणाला होती, ते उघडायची वेळ लोकांवर का आली, आणि ते चालवायला लागणारं श्रमाचं भांडवल कोणी घातलं?

परवानगीपासून सुरुवात करू. पश्चिम जर्मनीने परदेशी कामगार आणण्याचा पहिला करार 20 डिसेंबर 1955 रोजी इटलीशी केला. मग स्पेन, ग्रीस आणि इतर देश आले. तुर्कस्तानशी करार झाला 1961 मध्ये. या कामगारांना ‘गास्टआर्बायटर’ म्हणजे पाहुणे कामगार म्हणत. पाहुणा म्हटला की तो जाणार हे गृहीत. 1955 ते 1973 या काळात साधारण 1 कोटी 40 लाख माणसं या मार्गाने आली आणि त्यांतली सुमारे 1 कोटी 10 लाख परतही गेली.

मात्र सगळे पाहुणे एका पंगतीत नव्हते. इटली युरोपीय आर्थिक समुदायाचा संस्थापक सदस्य होता. 1968 पासून समुदायातल्या कामगारांना एकमेकांच्या देशात मुक्तपणे काम करता येऊ लागलं, आणि स्वतःचा व्यवसाय थाटण्याचा हक्क तर मूळ रोमच्या करारातच होता. तुर्की, मोरोक्कन किंवा युगोस्लाव्ह कामगाराचं तसं नव्हतं. त्याच्या निवास परवान्यावर शिक्का असे की स्वतंत्र व्यवसाय करण्याची मुभा नाही. बरीच वर्षं राहून पक्का परवाना मिळेपर्यंत तो दुसऱ्याच्या कारखान्यात राबू शकत होता, पण स्वतःच्या नावावर साधी टपरी टाकायची तर परकीय नागरिकांच्या कचेरीची मर्जी सांभाळावी लागे. काहींनी यावर दुसऱ्याच्या नावाने परवाना काढण्याचा उपाय शोधला.

आता चित्रपटाकडे पाहा. 1970 साली रोमानो खाण सोडतो आणि हॉटेल काढतो. कागदपत्रांचं विघ्न येत नाही, कारण इटालियन माणसाला ते फारसं येणारच नव्हतं. म्हणजे चित्रपट इथे खोटं बोलत नाही. पण आकिन स्वतः तुर्की पालकांच्या पोटी हॅम्बुर्गमध्ये 1973 साली जन्मला. परतायचं विसरून गेलेल्या आईवडलांच्या पिढीवर त्याने 2001 मध्ये एक माहितीपटही केला. त्याला तो शिक्का माहीत नसेल, हे शक्य नाही. ‘सोलिनो’ची पटकथा त्याची नाही, रूथ टोमाची आहे. दुसऱ्याच्या पटकथेवर त्याने केलेला हा पहिलाच चित्रपट. आमातो कुटुंब इटालियन असल्यामुळे काय होतं, तर मजुराचा मालक होणं ही फक्त जिद्दीची बाब दिसते. रोमानोच्या जागी अनातोलियाचा कोणी असता तर दुसऱ्या अर्ध्या तासातच गोष्ट कचेरीच्या खिडकीपाशी अडली असती. चित्रपटाचा तो पहिला सुटसुटीतपणा पात्रांच्या पासपोर्टमधून आलेला आहे, आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही.

कायदा फक्त अडवतो असंही नाही, कुठलं दुकान निघणार हेही तो ठरवतो. जर्मनीत अनेक कारागिरीच्या धंद्यांत स्वतःचं दुकान काढायला ‘माइस्टर’ ही उस्तादाची पदवी लागे. 2004 मध्ये बऱ्याच धंद्यांची ही अट सुटली, पण तोवर शिंपीकामही तिच्यात होतं. नवीन कपडा शिवून विकायला माइस्टर हवा. जुना कपडा उसवून, आत घेऊन, झिप बदलून द्यायला मात्र नको. जर्मन शहरांत गल्लोगल्ली परदेशी माणसांची अल्टरेशनची दुकानं दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. त्या माणसांना सूट शिवता येत नव्हता असं नाही. खानपानाच्या धंद्याला माइस्टर लागत नसे. म्हणून पिझ्झा, म्हणून ग्रीक टॅव्हर्ना, म्हणून डोनर कबाब. परदेशी लोकांना खायला घालण्याची उपजत आवड असते असं म्हणणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी.

आता वेळेकडे वळू. ‘सोलिनो’ तीन काळांत विभागलेला आहे, 1970, 1974 आणि 1984. मधली वर्षं चित्रपट उड्या मारून ओलांडतो. कौटुंबिक चित्रपटात हे चालतंच, मुलं मोठी व्हायला हवीत. पण या दोन उड्यांखाली नेमकं काय येतं ते पाहण्यासारखं आहे.

पहिल्या उडीखाली 1973 येतं. त्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी युनियनला न विचारता संप केला. उन्हाळ्याच्या सुट्टीवरून उशिरा परतलेल्या शेकडो तुर्की कामगारांना काढून टाकलं होतं, हे तात्कालिक कारण. असेंब्ली लाइनचा वेग आणि पगार ही जुनी कारणं. संप आठवड्याभरात मोडला गेला. तीनच महिन्यांनी, 23 नोव्हेंबर 1973 रोजी, तेलसंकटाचा हवाला देत सरकारने परदेशी कामगारांची भरती बंद केली. त्या वेळी देशात असे सुमारे 26 लाख कामगार होते. एकदा गेलं की परत येता येणार नाही, हे तुर्की कामगारांना कळून चुकलं. मग अनेकांनी राहायचं ठरवलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं.

दुसऱ्या उडीखाली 1974 ते 1984 ही दहा वर्षं येतात. कोळसा, पोलाद आणि कापड हे पाहुण्यांना पोटात घेणारे उद्योग याच काळात आक्रसत गेले. डुइसबुर्ग हे पोलादाचं आणि कोळशाचं शहर, त्याला याची झळ इतरांहून जास्त बसली. 1983 च्या अखेरीस सरकारने कायदा करून, नोकरी गेलेल्या ठरावीक देशांच्या कामगारांना देश सोडून जाण्यासाठी 10,500 मार्क देऊ केले, वर प्रत्येक मुलामागे 1,500. ज्यांना नोकरी नव्हती आणि परतही जायचं नव्हतं, त्यांच्यापुढे स्वतःचं दुकान ही एक वाट उरली. भाजीची, किराण्याची, कबाबची कितीतरी दुकानं अशी निघाली. त्यांच्या मालकांच्या मागे कारखान्याचं बंद झालेलं फाटक होतं.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. मुंबईत 1982 च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांपैकी काहींनी वडापावच्या गाड्या टाकल्या. ती गोष्टही हल्ली जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द खरीच होती. पण गाडीच्या आधी गिरणी बंद पडली होती, हे वाक्य सांगताना गळून पडतं. ते गाळलं की नाइलाजाचा पराक्रम होतो, आणि नाइलाज कोणी आणला हे विचारायची गरज उरत नाही.

‘सोलिनो’त हेच वाक्य गळलं आहे. 1970 साली रोमानो खाण सोडतो ती त्याला झेपत नाही म्हणून. हे त्याच्या स्वभावाला धरून आहे, आणि खाण ही माणसाने स्वखुशीने सोडायची जागा आहे असं दाखवण्यात एक मोकळेपणाही आहे. मात्र त्यानंतर ज्या वर्षांत त्याच्या शहरातल्या हजारो माणसांनी कामं गमावली, ती वर्षं चित्रपटाने भावांच्या प्रेमप्रकरणासाठी ओलांडून टाकली. 1984 मध्ये आपण पोहोचतो तेव्हा प्रश्न उरलेला असतो तो कोणी कोणाची मुलगी पळवली आणि कोणाची फिल्म चोरली, एवढाच.

तिसरा प्रश्न श्रमाच्या भांडवलाचा. चित्रपट खऱ्या अर्थाने मोठा होऊ शकला असता तो इथे.

पिझ्झेरियाची कल्पना रोझाची. स्वयंपाक रोझाचा. रोमानो पुढे गिऱ्हाइकांत असतो, रोझा मागे भटारखान्यात. अंतोनेल्ला अत्तिली या अभिनेत्रीने रोझा अशी उभी केली आहे की तिचा थकवा संवादाआधी तिच्या खांद्यांत दिसतो. आकिनला हे कळलेलं आहे. हॉटेल भरभराटीला येत जातं तशी रोझा पडद्यावर आक्रसत जाते. एकाच वास्तूत दोन उलट दिशांचे आलेख तो काढतो, त्यावर भाष्य न करता. हा चित्रपटाचा सर्वांत चांगला भाग आहे. मजुराचा मालक झाला म्हणतात तेव्हा घरात आणखी एक मजूर तयार झाला आणि तिला खाणीत मिळाला असता तेवढा पगारही नाही, हे त्या दृश्यांतून आपोआप कळतं.

दर शुक्रवारी मी कंपनीच्या टाइमशीटमध्ये माझे तास भरतो. कोणत्या प्रोजेक्टला किती, कोणत्या मीटिंगला किती. कंटाळवाणं काम आहे, पण त्यामुळे माझा तास कुठेतरी नोंदलेला असतो आणि त्याला दर असतो. रोझाचे तास कुठे नोंदले गेले असते? जर्मन सरकारी आकडेवारीत धंदेवाइकांच्या घरच्या माणसांसाठी एक रकाना असतो. त्याचं नाव साधारण ‘मदत करणारे कुटुंबीय’ असं आहे. जिच्या हातचं खायला गिऱ्हाईक येतं ती मदतनीस. त्या काळच्या पश्चिम जर्मनीचा दिवाणी कायदा तर याहून स्पष्ट होता. नवरा-बायकोंपैकी एकाच्या धंद्यात दुसऱ्याने, तशी रीत असेल तिथे, काम करणं हे कर्तव्यच आहे असं त्यात लिहिलं होतं. हे कलम जुलै 1977 पर्यंत टिकलं. कागदावर ते दोघांनाही सारखंच लागू होतं. पण बायकोच्या धंद्यात राबणारे नवरे किती असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. रोझा इटालियन, तेव्हा तिच्या संसाराला कुठला कायदा लागू झाला असता यावर वकील वाद घालतील. पण ज्या देशात ती चुलीशी उभी होती, त्या देशाला बायकोचं असं राबणं ही रीत वाटत होती, एवढं त्यावरून कळतं.

मग चित्रपट काय करतो? तो रोझाला रक्ताचा कर्करोग देतो.

मला या चित्रपटाचा राग येतो तो इथे. रोमानोच्या बाहेरख्यालीपणाचं दुःख आणि लगोलग आजार, या दोन गोष्टींनी रोझाचा प्रश्न सुटतो. म्हणजे चित्रपटकर्त्यांचा सुटतो. इतका वेळ जी बाई श्रमाच्या हिशोबाची जिवंत मागणी होती, ती आता सहानुभूतीचा विषय होते. ती गावी परतते, आणि हॉटेल कोणाचं हा प्रश्न तिच्यासोबत डुइसबुर्गच्या बाहेर जातो. फसवल्या गेलेल्या बायकोसाठी आपण रडू शकतो. बिनपगारी भागीदारासाठी मात्र आपल्याला रोमानोकडे, आणि त्याच्या टेबलावर आवडीने जेवणाऱ्या शहराकडे, निराळ्या नजरेने पाहावं लागलं असतं. चित्रपट सोपं ते निवडतो. त्याहून विचित्र म्हणजे मालकीचा प्रश्न त्याला कळतच नाही असं नाही. जीजीची फिल्म जानकार्लो स्वतःच्या नावावर खपवतो, तेव्हा चित्रपट संतापतो आणि त्या चोरीवर उरलेली गोष्ट उभी करतो. कलाकृतीची चोरी ही चोरी. आईने उभं केलेलं हॉटेल बापाच्या नावावर चालणं ही मात्र गोष्टीची पार्श्वभूमी!

रोझासारखीचे तास कधीच कोणी मोजले नाहीत असं नाही. मुंबईच्या गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. तो स्थलांतराचा इतिहास देशांतर्गत आहे, जर्मनीशी त्याची सरळ तुलना होणार नाही. पण 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. कर्ज मिळालं याचा अर्थ त्या घरात चार डबे जास्त करणाऱ्या गृहिणी नव्हत्या, धंदा करणाऱ्या होत्या, हे एका संस्थेने कागदावर मान्य केलं. 1975 म्हणजे ‘सोलिनो’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या काळाच्या मधलं वर्ष. रोझासमोर असा कागद कोणी धरला असता तर तिने काय केलं असतं, ही गोष्ट मला पाहायची होती.

सात वर्षांनी आकिन पुन्हा हॉटेलकडे वळला. ‘सोल किचन’ला (2009) व्हेनिसमध्ये विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. इथला नायक झीनोस हा ग्रीक वंशाचा हॅम्बुर्गकर, विल्हेल्म्सबुर्ग भागातल्या जुन्या गोदामात हॉटेल चालवणारा. ही भूमिका करणारा आदाम बुसदूकोस स्वतः हॅम्बुर्गमध्ये टॅव्हर्ना चालवत असे आणि पटकथेतही त्याचा हात आहे. म्हणून या चित्रपटात धंद्याची खरी कटकट आहे. करवाले येतात, आरोग्य खात्याचा माणूस येतो, स्वयंपाकी भडकू आहे, मालकाची पाठ धरलेली आहे. विनोदी असूनही हा चित्रपट पैशाबाबत ‘सोलिनो’पेक्षा प्रामाणिक आहे. झीनोसचा भाऊ जुगारात हॉटेल हरतो, ते जमिनीच्या दलालाच्या घशात जातं आणि शेवटी लिलावाला निघतं. झीनोस ते परत मिळवतो ते मेहनतीने नव्हे. श्रीमंत जर्मन घरातल्या, आता दुरावलेल्या प्रेयसीला वारसाहक्काने पैसा मिळालेला असतो, त्यातून ती त्याला उसने देते.

हा शेवट अनेकांना परीकथेसारखा वाटतो. मला तो दोन्ही चित्रपटांतला सर्वांत वास्तववादी क्षण वाटतो. दोन पिढ्या राबूनही हॉटेल वाचवण्याइतकी शिल्लक झीनोसच्या घरात नाही. ती आहे जिच्या घरात आधीपासून होती तिच्याकडे. आकिनने ते हसत हसत सांगितलं म्हणून आपण नीट ऐकत नाही. रोझाची उणीव मात्र इथेही आहे. दुसऱ्या पिढीच्या या हॉटेलात आई मुळात नाहीच.

एका जुन्या चित्रपटाशी एवढी झटापट कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं कारण ही गोष्ट अजून चालू आहे. 2013 मध्ये कादिर नुरमान वारले, तेव्हा डोनर कबाबचा जनक गेला अशा बातम्या आल्या. 1972 साली पश्चिम बर्लिनच्या झू स्टेशनसमोर त्यांनी पावात घालून कबाब विकायला सुरुवात केली, असं मानतात. या मानावर इतरांचेही दावे आहेत. नुरमान यांनी पेटंट घेतलं नव्हतं आणि त्या अब्जावधींच्या उद्योगातून त्यांना काही मिळालं नाही. पुढे 2020 च्या नोव्हेंबरमध्ये बायोएनटेकच्या लशीचे निकाल आले, तेव्हा उगूर शाहीन यांचे वडील कोलोनच्या फोर्ड कारखान्यात कामगार होते, हे जगभर छापून आलं. आनंद वाटावा अशीच ती बातमी होती. पण मुलाने लस बनवली म्हणून वडिलांचं कारखान्यातलं काम एकदम उल्लेखनीय ठरलं. त्याच फोर्डमध्ये 1973 साली काम बंद करून उभे राहिलेल्या बापांची मुलं लस न बनवता बस चालवत असतील, तर त्या बापांचं येणं देशाला तोट्यात गेलं का?

यजमान देशाला स्थलांतरिताकडून उद्योजकतेची गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात देशाकडे काही थकबाकी राहत नाही. तुम्ही आलात, राबलात, मालक झालात, आता आपण सारखे! माझ्या वर्गातले तिघे सध्या म्युनिक आणि बर्लिनमध्ये ब्लू कार्डावर आहेत. त्यांना कोणी पाहुणे कामगार म्हणत नाही, पगारही चांगले आहेत. पण त्यांचा परवाना नोकरीसाठी आहे. स्वतःचं काही काढायचं तर वेगळी परवानगी लागते. आणि त्यांतल्या दोघांच्या बायका इथल्या चांगल्या नोकऱ्या सोडून तिकडे गेल्या, सध्या भाषा शिकतात आणि घर चालवतात. उद्या यांतल्या कोणी स्टार्टअप काढलं आणि स्टेजवर उभं राहून गोष्ट सांगितली, तर ती वर्षं कुठल्या रकान्यात जातील?

‘सोलिनो’ जरूर पाहा. जमलं तर गोष्ट भावांकडे वळल्यावरही मनाने रोझापाशी थांबून पाहा. त्या भटारखान्यात एक मोठा चित्रपट होता आणि तो बनवण्याइतकी नजर आकिनकडे होती. पाटीवर ‘सोलिनो’ हे गावाचं नाव लिहिलं गेलं, म्हणजे ते कोणाच्याच नावावर नाही असं वाटतं. भाडेकरारावर मात्र कोणाची तरी सही असणार. ती कोणाची होती, हे चित्रपटाने आपल्याला दाखवायला हवं होतं.